हाल्ब फिअर म्हणजे साडेचार

जर्मन आकड्यांची मला कधी भीती वाटली नाही. ब्राउनश्वाइगच्या वसतिगृहातले इंग्रज विद्यार्थी पंचवीसचे बावन्न करून बसत, कारण जर्मन माणूस आधी पाच म्हणतो, मग वीस. त्यात काय विशेष? आपणही पंचवीसच म्हणतो की! असा माझा तोरा. तो उतरला हार्त्सच्या डोंगरात.

तिथे भर जंगलात सोन्याच्या शोधासाठी एक लहानशी खाण खणत होते. पाच कामगार आणि त्यांचा म्हातारा श्टायगर, म्हणजे मुकादम. पदवीसाठी मला उन्हाळाभर खाणीवर काम केल्याचा दाखला हवा होता, आणि त्यावर सही या म्हाताऱ्याची. त्याने मला खालून सामान आणायच्या कामाला लावलं. "एकदा जरी माल चुकला, तर सही विसर," पहिल्याच दिवशी म्हणाला. सही गेली की वर्ष गेलं, आणि स्कॉलरशिपही. घरी तसं कळवायची माझी छाती नव्हती.

आठवड्यातून दोनदा मी गावात उतरायचो. पाव, बटाटे, खारवलेलं मांस, दिव्यांचं कार्बाइड. लाकडाच्या वखारीपासून सकाळी दहाला जंगलखात्याचा ट्रॅक्टर निघे. तो शेवटच्या वळणापर्यंत सोडायचा, पुढे पायवाट आणि पाठीवर वेताची टोपली. मला ते काम मनापासून आवडायचं. मी साताऱ्याकडचा, चढणीला काय भिणार! वाटेत जांभळी रानफळं तोंडात टाकायची आणि मोठ्याने गाणी म्हणायची, ऐकायला कोणी नाही.

एका गुरुवारी श्टायगर म्हणाला, "उद्या ट्रॅक्टर उशिरा आहे. हाल्ब फिअर." हाल्ब म्हणजे अर्धा, फिअर म्हणजे चार. झालं की साडेचार!

शुक्रवारी निवांत खरेदी केली, कॉफी प्यायलो आणि चार वीसला वखारीवर हजर. ट्रॅक्टरचा पत्ता नाही. पाच वाजेपर्यंत मी जर्मनांच्या वक्तशीरपणाचा यथेच्छ उद्धार केला, तोही मराठीत. शेवटी वखारवाल्याला विचारलं.

"तो तर केव्हाच गेला, हाल्ब फिअरला."

"अहो, हाल्ब फिअर होऊन अर्धाच तास झालाय!"

त्याने माझ्या घड्याळावर बोट ठेवलं. चौथा तास अर्धा झाला की हाल्ब फिअर. म्हणजे साडेतीन.

बटाटे त्याच्याकडे ठेवले, बाकीचं टोपलीत भरलं आणि चालू लागलो. पायी तीन तासांची चढण. मध्येच पावसाची भुरभुर आली. कार्बाइड भिजलं तर उद्या खाणीत अंधार, म्हणून कोट काढून डब्याला गुंडाळला आणि स्वतः भिजलो. आठला पोचलो तेव्हा उजेड होता. श्टायगर दारातच उभा.

"हाल्ब फिअर!" तो गरजला.

माझंही डोकं फिरलं. "तुमचंच गणित उलटं! आमच्याकडे साडेचार म्हणजे चार आणि वर अर्धा. न आलेला तास आम्ही मोजत नाही! चार वीसला उभा होतो मी तिथे!"

त्याने कोट सोडून डबा उघडला. कार्बाइड कोरडं होतं. मग म्हणाला, "काय म्हणतोस ते? साडे?"

"साडे."

सहीबद्दल एक अक्षर नाही. मी आठवडे मोजत राहिलो. पण त्यानंतर ट्रॅक्टरची वेळ बदलली की तो ओरडून सांगायचा, "साडे ड्राय!" साडेतीन. कामगारही तेच म्हणू लागले.

सोनं म्हणाल तर चिमूटभर निघालं. शेवटच्या दिवशी त्याने दाखला हातात दिला. खाली सही होती! आणि शेऱ्यात एकच शब्द, वक्तशीर.

"पण हे खरं नाही," मी म्हणालो.

"खोटं कुठे?" म्हातारा म्हणाला. "तुझ्या साडेचारला तू दहा मिनिटं आधी आला होतास."