एकच टिचकी

वर्ध्याच्या एस.टी.त माझ्या शेजारी बसलेल्या त्या मुलीचं नाव मी विचारलं नाही. पुढच्या सीटवरच्या गृहस्थाचंही नाही, पण माझा त्याच्यावरचा राग मात्र अजून गेलेला नाही.

मुलगी पुलगावला चढली होती. फ्रेंचच्या तोंडी परीक्षेला चालली होती. पुढच्या सीटच्या दांडीवर नखानं टिचक्या मारत ती क्रियापदं फोडून म्हणत होती. 'आम्ही बोलतो' म्हणजे पार्-लों, दोन टिचक्या. 'ते बोलतात' म्हणजे नुसतं पार्ल, एकच टिचकी.

"शेवटची तीन अक्षरं लिहाची, पण बोलाची नाई," ती मला म्हणाली. "मले तेच जमून नाई राह्यलं."

गृहस्थ मागे वळला. "तीच तर फ्रेंचची नजाकत. पण आधी मराठी सुधारा. मला म्हणा, नाही म्हणा. तुम्ही लोक ह खाता."

'तुम्ही लोक' म्हणताना तो हसला. मुलीचं बोट दांडीवर थांबलं. परीक्षा तासाभरावर आली होती आणि या शहाण्यानं तिचं तोंडच बंद केलं होतं. मी काही बोलणार, तेवढ्यात तीच बोलली, आवाज न चढवता.

"त्यायनं तीन अक्षरं खाल्ली त नजाकत, अन् आमी एक ह खाल्ला त अडाणी काऊन?"

तो शुद्ध भाषेबद्दल काहीतरी पुटपुटला, इतक्यात त्याचा फोन वाजला.

"नाई माय," तो फोनवर म्हणाला, "अजून गाडीतच आहो."

मुलीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दांडीवर नखानं एकच टिचकी मारली.