तासातासाला उठणारी मिंका

मिंका आणि मी एकाच कचेरीत, शेजारशेजारच्या टेबलांवर. मी झिव्का. माझ्या पोटात काही राहत नाही; दाढ दुखली तरी अख्ख्या गाब्रोव्हो गावाला कळतं. मिंका नेमकी उलटी. तिच्यावर छप्पर कोसळलं असतं तरी ती धूळ झटकून पुढचं बिल नोंदवायला बसली असती. कधीकधी तिला धरून गदागदा हलवावंसं वाटायचं मला.

आम्ही दुसऱ्यांचे हिशेब लिहितो. बेकरीवाल्यांचे, गॅरेजवाल्यांचे, चामड्याच्या पिशव्या शिवणाऱ्यांचे. मालक किनोवसाहेब. आमच्या गावाला सगळा देश चिक्कू म्हणतो. आम्ही म्हणे रात्री घड्याळ बंद करून झोपतो, चाकं झिजू नयेत म्हणून. थट्टा आहे ती, पण किनोवसाहेबांना भेटलात तर खरीच वाटेल. हिवाळ्यात वरचा मजला गरम करायला नको म्हणून त्यांनी निम्म्या बायकांना घरून काम करायला लावायचं ठरवलं आणि एक सर्व्हर आणला. सगळे हिशेब त्या सर्व्हरच्या पोटात. आपण घरच्या कॉम्प्युटरवरून पासवर्ड टाकून आत शिरायचं आणि कचेरीत बसल्यासारखं काम करायचं.

मिंकाला तर देवच पावला. तिचा नवरा गांचो, सूतगिरणीतला मुकादम, आडदांड माणूस. ईस्टरच्या सुमारास त्याच्या अंगावरून वारं गेलं आणि तो अंथरुणाला खिळला. मुलगा स्पेनला, तो रविवारी फोन करायचा. नर्सने मिंकाला बजावलं होतं, "याची कूस सारखी बदलत राहा. नाहीतर पाठीला जखमा होतील, आणि मग त्या जखमाच याला नेतील." किनोवसाहेब म्हणाले, "घरून कर हो मिंका. पण काम अडलं तर मात्र इथे येऊन बसावं लागेल." म्हणजे सर्व्हर चालला तर गांचोजवळ कुणीतरी, नाहीतर कुणीच नाही.

नवा सर्व्हर पहिले काही महिने सगळ्यांना फुकट आत घेतो, मग लायसन्स मागतो. ती वेळ आली तेव्हा यावोर आला. हा आमचे कॉम्प्युटर सांभाळतो. दोन पोरींचा बाप, मोठी दाढी, कायम घाईत.

"साहेब, लायसन्स दोन तऱ्हांचं असतं," तो म्हणाला. "माणसागणिक, नाहीतर कॉम्प्युटरागणिक. कुठलं घालू?"

"प्रत्येकीचा एक कॉम्प्युटर घरी, एक इथे. कॉम्प्युटर मोजून दुप्पट घ्यायला मला वेड लागलंय का? माणसं मोज."

यावोरने दाढी खाजवली. "माणसं मोजायची तर सर्व्हरला माणसांची ओळख पाहिजे. ती ओळख ठेवायला आणखी एक मशीन लागतं, साहेब. ते आपल्याकडे नाही."

"ओळख? मी ओळखतो ना सगळ्यांना! घाल तू."

यावोरने हात टेकले आणि घातलं. नोंदणी झाली, स्क्रीनवर हिरवी खूण आली, आम्ही कॉफी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या स्क्रीनवर एक पाटी. लायसन्समध्ये अडचण आहे, तासाभरात तुम्हाला बाहेर काढण्यात येईल. आणि काढलं की हो! मी एका बिलाच्या मधोमध होते, खटकन सगळं गायब. पुन्हा पासवर्ड, पुन्हा आत, पुन्हा ती पाटी, पुन्हा तासाने बाहेर. नव्या लोकरी गालिच्यावर आलेल्या मांजरासारखं हाकलत होता मेला आम्हाला. मी यावोरला फोनवर काय काय बोलले ते इथे सांगत नाही.

"सांगितलं होतं ना मावशी," तो म्हणाला. "तो तुम्हाला ओळखत नाही. साहेबांना म्हणा, कॉम्प्युटरागणिक घ्या, आत्ता बदलून देतो."

साहेब म्हणाले, "बाहेर काढतो, पण परत आत घेतो ना? मग अडलं कुठे? तेवढेच पाय मोकळे होतात." आणि तो विषय तिथेच पडला. शरद गेला, बर्फ पडला, आम्ही तासातासाला शिव्या घालत राहिलो.

एकटी मिंका कधी तक्रार करत नव्हती. मला वाटलं, भीतीने गप्प असेल, काम अडतंय म्हटलं तर कचेरीत बोलावतील. एकदा तिची बिलं द्यायला तिच्या घरी गेले. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कॉम्प्युटर मांडून बसली होती. माझ्याकडे बघून मान हलवली आणि पुन्हा आकड्यांत. मी आपली एकटीच बोलत होते. तेवढ्यात तिची स्क्रीन गेली. मी म्हटलं, "घ्या! हाकललं!"

मिंका उठली. आतल्या खोलीत गेली, गांचोच्या खांद्याखाली एक हात, कमरेखाली दुसरा हात घालून त्याला भिंतीकडे वळवलं. पाठ पुसली, मलम लावलं, पाणी पाजलं. स्वतःही घोटभर प्यायली. मग येऊन पासवर्ड टाकला.

"पूर्वी आकड्यांत बसले की मला कशाचंच भान राहायचं नाही," ती म्हणाली. "आत तो आहे हेसुद्धा विसरायचे. खरं सांगू, तिथे बरं वाटायचं. काही वाटायचंच नाही तिथे. त्याच्या पाठीला जखमा झाल्या, नर्स बोलली मला, तरी दुसऱ्या दिवशी तेच. आता हा सर्व्हर हाकलतो, मग मी उठते. जखमा भरल्या बघ."

"अगं मग गजर लाव की घड्याळाचा!"

"लावला होता. हात जातो आणि बंद करतो. झिव्के, दुरुस्तीसाठी यावोरच्या मागे लागू नकोस हं, राहू दे हे असंच."

मी तिला शिव्या देणार होते, पण बिलं टेबलावर ठेवली आणि निघाले. त्या दिवसापासून कचेरीत स्क्रीन गेली की मी गप्प बसायचे. बाकीच्या विचारायच्या, झिव्का आजारी आहे का?

गांचो फेब्रुवारीत गेला. झोपेतच, निमोनियाने. पाठ मात्र स्वच्छ होती, नर्सने मुद्दाम तसं सांगितलं. दारावर, कोपऱ्यावरच्या खांबावर, बसच्या थांब्यावर त्याच्या मृत्यूचे कागद लागले, टोपी घातलेला फोटो होता. मिंकाने ते स्वतः चिकटवले, कडा दाबून दाबून. चाळिसाव्या दिवशी त्याच्या नावाने साखर घातलेले उकडलेले गहू वाटले. लोक येत होते, बायका रडत होत्या, आणि ही पेल्या-पेल्यांत गहू भरत होती.

"रड गं बाई एकदा," मी म्हटलं.

"कुठून आणू?" ती म्हणाली. तिने चिडून म्हटलं असतं तरी मला बरं वाटलं असतं. तसं नव्हतं. खरंच विचारत होती. तासाने सर्व्हरने हाकललं की उठायची, शेगडी सारखी करायची, घोटभर पाणी प्यायची आणि परत आकड्यांत बसायची.

मार्चअखेर. ताळेबंदाचे दिवस. एके दिवशी किनोवसाहेब स्वतः घरून सर्व्हरवर बसले होते. तासभर मान मोडून भरलेला तक्ता, जपून ठेवायचं राहिलं, सर्व्हरने त्यांनाही ओळखलं नाही आणि हाकललं. परत आत येईपर्यंत तक्ता गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी यावोर हजर! हेल्पलाइनला फोन लावून त्याने लांबलचक आकडे वाचून दाखवले, तिकडून आलेले आकडे टाकले, माणसागणिक होतं ते कॉम्प्युटरागणिक करून घेतलं, वरची जादा लायसन्सं घातली. पाटी गेली. दिवसभर कुणाला बाहेर काढलं नाही. साहेबांनी सगळ्यांना पापुद्र्यांची, चीज भरलेली बानित्सा खाऊ घातली, चीज जरा कमीच होतं त्यात.

मी मिंकाचा वाटा रुमालात बांधून संध्याकाळच्या आत तिच्याकडे गेले. दार नुसतं लोटलेलं. शेगडी विझलेली, घर गारठलेलं. मिंका टेबलाशी. सकाळची कॉफी तशीच, वर साय धरलेली. ओठांना भेगा. मी खांद्याला हात लावला तेव्हा तिने वर बघितलं. मग माझं लक्ष खुर्चीकडे गेलं. खुर्ची ओली होती, खाली फरशीवर ओघळ आला होता. मी बघतेय म्हणून तिनेही खाली बघितलं.

"आज कुणी उठवलंच नाही," ती म्हणाली.

मी तिला न्हाणीघरात नेलं, कोरडे कपडे दिले, शेगडी पेटवली. ओरडले नाही. माझ्याच्याने ओरडवलं नाही. ती केस पुसत आली आणि तिने यावोरला फोन लावला.

"यावोर, बाळा, माझं पूर्वीसारखं कर. तासाने मला बाहेर काढ."

तो हसला असावा. मग म्हणाला, तसं करता येतं, एकट्या माणसाला वेळेचं बंधन घालता येतं, "पण कशाला हो मावशी? सगळे सुटले म्हणून नाचतायत."

"मी उठत नाही रे," मिंका म्हणाली.

यावोर म्हणाला, "बसा तुम्ही आत, लगेच करतो." साहेबांना विचारायचं नाव त्याने काढलं नाही. मला त्या दाढीवाल्याचा पापा घ्यावासा वाटला.

मी थांबले. मिंकाला बानित्सा भरवली, चहा पाजला. ती कामाला बसली, मी भांडी घासली. तासाने तिची स्क्रीन गेली. ती ताडकन उठली, गांचो असताना उठायची तशी, आणि थेट आतल्या खोलीत गेली. मी दाराशी जाऊन उभी राहिले. ती पलंगावर वाकली होती. एक हात खांद्याखाली जाईल असा, एक कमरेखाली. दोन्ही हात गादीत रुतले. जोर लावायला तिने श्वास घेतला आणि तशीच वाकून राहिली.

मग तिने माझ्याकडे वळून बघितलं. "झिव्के, अगं, गांचो गेला," ती म्हणाली, मला पहिल्यांदाच कळवत असल्यासारखं.

"हो गं," मी म्हटलं. "गेला."

ती मटकन खाली बसली आणि हंबरडा फोडून रडायला लागली. मी तिच्याजवळ बसले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "भूक लागली." उरलेली बानित्सा मी शेगडीवर गरम करून आणली आणि तिने ती सगळी खाल्ली.