चिमणाबाईचं पातेलं आणि उदयसिंहाची नळी

चिमणाबाईच्या खानावळीत गिऱ्हाईक मटणासाठी येतं आणि शिव्या फुकट घेऊन जातं. पण गेला महिनाभर तिच्या शिव्यांचा धनी एकच, तिचा थोरला उदयसिंह. पैलवान गडी. मान बैलाची, काळीज उंदराचं, हे आईचंच मत.

धाकट्या प्रियदर्शनीनं अंथरूण धरलेलं. रंग कागदासारखा, ताप हटेना, कुठं नुसतं टेकलं तरी अंग काळंनिळं. शेजारणींनी बीट नि खजूर सुचवला. चिमणाबाईनं दोन महिने तोच कोंबला. शेवटी राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या कमरेच्या हाडातला मगज सुईनं काढून तपासला. रक्त तयार होतं त्या मगजात, आणि पोरीचा मगजच बंद पडलेला. भावाचं रक्त तपासलं, ते सगळं जुळलं. त्यानं मगज दिला तर पोर जगेल.

उदयसिंह म्हणाला, "न्हाय जमणार."

आठ वर्षं तो खानावळीतल्या मटणाची नळी रोज फोडून आतला मगज चोखत आलेला. तो माल थेट आपल्या हाडांत जाऊन बसतो आणि त्याच्यावरच कुस्त्या निघतात, हे तालमीत त्याच्या डोक्यात घट्ट बसलेलं. "आठ वर्षांची कमाई सुईनं काढून द्यायची? मणका पोकळ झाला म्हंजे?"

चिमणाबाईनं हातातला डाव पातेल्यावर आपटला.

"हिकडं ये, भाड्या. ह्यात काय हाय?"

"अळणी पाणी. मटण शिजल्यालं."

"ह्याच्यातनंच तांबडा रस्सा करते, ह्याच्यातनंच पांढरा. व्हय का न्हाय? बाई म्हणल्या, मगजात बी अशीच एक मूळ पेशी असती. तिच्यातनंच तांबड्या पेशी होत्यात, अंगभर हवा पोचवायला. तिच्यातनंच पांढऱ्या, रोगाशी झुंजायला. आन् तिच्यातनंच बारक्या चकत्या, रगात थांबवायला. तुझ्या भणीचं मूळ पातेलंच कोरडं पडलंय, आन् मी वरनं बीट घालत बसले! तू चोखलेली नळी पोटात गेली नि पचली, गाढवा. ती उठून हाडात जाईत न्हाय."

"पर म्होरल्या महिन्यात मैदान हाय..."

"जा की. गदा घिऊन ये. पोरीच्या उशाला ठिवू."

एवढ्या शिव्या पचवलेल्या उदयसिंहाला हे मात्र पचलं नाही. गाडी काढून तो आईला घेऊन दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, सुई कमरेच्या हाडात जाते, मणक्याला हातसुद्धा लागत नाही, आणि काढलेला मगज काही आठवड्यांत शरीर पुन्हा भरून काढतं.

"एवढंच?" सही करत उदयसिंह म्हणाला.

"एवढंच?" चिमणाबाई खुर्चीतनं उठलीच. "महिना घालवलास, मुडद्या! तिला दोनदा रगात चढवलं, नि तू नळ्या फोडत बसलास. एकदा इचारायला जीभ झडली हुती?"

"मावशी, हळू. पेशंट आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"माझी पोर बी पेशंटच हाय, बाई. तारीख सांगा. लवकरात लवकर कवाची हाय?"