कुंताबाईची गोळी आणि बबनरावांचा गुरुवार

बबनराव एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर माणूस जसा घरी बसून पेपर वाचतो तसा त्यांनी बरोबर अकरा दिवस वाचला. बाराव्या दिवशी त्यांनी बायकोला, शोभाबाईला विचारलं की समोरच्या घरचे लोक भर दुपारी गेटाला कुलूप काऊन लावतात. शोभाबाई म्हणाली, "तुमी काही तरी काम पाहा बापा, नाई तं एखाद्या दिवशी लोकं मारतीन तुमाले."

असं ते काम मिळालं. नागपूरची एक कंपनी गोळ्यांचं मशीन भाड्यानं देते. मशीन म्हणजे कुकरएवढा पांढरा डबा. आत एक गोल ताट, ताटाला अठ्ठावीस कप्पे. ठरल्या वेळेला मशीन वाजतं आणि त्या दिवसाची गोळी खालच्या वाटीत पडते. वाटी उचलली की वाजणं बंद. अर्ध्या तासात नाही उचलली तर पोराच्या मोबाईलवर मेसेज, मग पोरगा पुण्यात असो की दुबईत. दर चौथ्या शनिवारी बबनरावांनी स्कुटीवर जायचं, रिकामं ताट काढायचं आणि मेडिकलमधून भरून, सील होऊन आलेलं नवं ताट लावायचं. पवनार, अल्लीपूर, नाचणगाव, सगळे थांबे त्यांना आधीच पाठ. कंपनीनं घरटी दहा मिनिटं धरली होती, बबनरावांना पाऊण तास लागायचा. ओसरीत नवी सायकल दिसली की ती कोणाची, घरातली पोरगी माहेरी आलेली दिसली की कधी आली, हे कळल्याशिवाय त्यांच्या हातून ताट म्हणून बसायचं नाही.

पवनारच्या कुंताबाईकडे तर तासच. एकाहत्तर वर्षांची बाई, एकटी राहते, नदीकडच्या वावरात अजून रोज जाते आणि मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या अशा बांधते की दोरा कुठं संपला ते दिसत नाही. बीपीची गोळी रोज सकाळी नऊला. मशीन पोरानं लावून दिलेलं, शुभमनं, पुण्यातून. मशीनबद्दल तिचं मत एकच होतं, "माह्या सासूनं बी एवढं टोकलं नाई. ते निदान दुपारी झोपे तरी."

एका शनिवारी बबनराव तिथं ताट बदलत असताना शुभमचा फोन आला. आईचं बीपी मागच्या दोन्ही वेळेला चढलेलं निघालं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आता पुढच्या तपासणीतही असंच निघालं तर गोळी दुप्पट करू. तपासणीला नऊ दिवस होते. "काका, मशीन तं शंभर टक्के दाखवून राह्यलं," शुभम म्हणाला, "एक बी गोळी चुकली नाई. मग बीपी काऊन उतरून नाई राह्यलं?"

बबनरावांनी मशीन उलटं केलं, सुलटं केलं, वाजवून पाहिलं. ठीक होतं. काढलेलं ताट पूर्ण रिकामं. त्यांचं काम तिथं संपलं होतं, निघायला पाहिजे होतं. पण गल्लीच्या तोंडाशी वर्षाली भेटली, गावातली आरोग्य खात्याची आशा सेविका, आणि तिनं वहीत पाहून सांगितलं की तिनं बुधवारी मोजलं तेव्हा कुंताबाईचं बीपी चांगलं होतं. त्याच्या आधी एका शुक्रवारी मोजलं, तेव्हाही चांगलंच. आता बघा, बाई तीच, दंड तोच, गोळी रोजची. गावात बीपी उतरतं आणि दवाखान्यात चढतं. हे डोक्यात घुसल्यावर बबनरावांना जेवण गोड लागेना. शोभाबाई म्हणाली, डॉक्टरले भेत असन. पण कुंताबाई एकदा वावरात साप निघाला तर त्याला हुसकून पुन्हा सांबार कापायला बसली होती, ती डॉक्टरला काय भेणार.

गुरुवारी सकाळी साडेआठलाच ते पवनारला जाऊन बसले. प्लग पाहायचा आहे म्हणून सांगितलं. प्लग एका मिनिटात पाहून झाला, तरी हलले नाहीत. कुंताबाई जुड्या बांधत होती. नऊला मशीन वाजलं. तिनं लुगड्याला हात पुसले, वाटी उचलली, गोळी काढली, फळीवरच्या बियाण्याच्या डबीत टाकली, झाकण लावलं, वाटी जागेवर ठेवली आणि येऊन पुन्हा जुडी हातात घेतली. लपवणं नाही, घाई नाही, काही नाही.

"बाई, गोळी?" बबनराव म्हणाले.

"आज गुरुवार नं भाऊ."

बबनरावांना काहीच कळलं नाही. मग तिनंच लहान पोराला सांगावं तसं सांगितलं, "जेवल्यावर घ्याची गोळी हाय ते. आज मी जेवत नाई. साबुदाना खाईन, पन त्याले काही जेवन नाई म्हनत."

गुरुवार, सोमवार, एकादशी, चतुर्थी. डबीत गुलाबी गोळ्या पार वरपर्यंत आल्या होत्या. महागाची वस्तू, फेकायला जीव होत नव्हता तिचा. मग वाटी तरी कशाला उचलायची? तर एकदा नव्हती उचलली, तेव्हा शुभमनं ऑफिसातून अकरा फोन केले आणि आई जिवंत आहे का ते पाहायला शेजाऱ्याला धाडलं. पोराच्या जिवाला घोर नको म्हणून उचलायची. आणि दवाखाना नेहमी सोमवारीच का? सोमवारी स्वयंपाक नसतो, बाई रिकामी असते.

म्हणजे डॉक्टर बरोबर बिनगोळीच्या दिवशी मोजत होते. बबनरावांना इतका आनंद झाला की ते हसलेच, मांडीवर थाप मारून. मग सहज विचारलं की उपाशीपोटी गोळी घ्यायची नाही हे तिला सांगितलं कोणी.

कुंताबाईनं मान वर केली. "तुमीच नं."

हसू तिथंच थांबलं. आठवलं त्यांना. मशीन लावलं त्या दिवशी वाटी कशी उचलायची एवढंच दाखवायचं होतं. औषधाबद्दल एक शब्द बोलायचा नाही असं कंपनीनं लिहून दिलेलं. पाकिटावर फक्त 'सकाळी एक' एवढंच होतं. पण आयुष्यभर भरलेल्या गाडीत आवाज चढवून सूचना देणारा माणूस, तोंड कसं गप्प राहणार? उपाशीपोटी घेऊ नोका बाई, जेवल्यावरच घेजा, असं ठणकावून सांगून ते चहा पिऊन निघून गेले होते. कोणी विचारलंही नव्हतं.

आता गोळी दुप्पट झाली असती, आणि जेवणाच्या दिवशी ती दुप्पट गोळी पोटात गेली असती, बीपी पार खाली जाऊन चक्कर आली असती, आणि बाई एकटी नदीकडच्या वावरात. बबनरावांनी पाणी मागितलं.

त्यांनी फोन काढला तशी कुंताबाई पहिल्यांदा घाबरली. "शुभमले सांगू नोका भाऊ. थो मले पुन्याले घेऊन जाईन. तिथं चौथ्या माळ्यावर मी का करू?"

बबनरावांनी मनात हिशेब मांडला. सांगितलं तर हिचं वावर जाईल आणि आपलं काम जाईल. नाही सांगितलं तर सोमवार येतोच आहे. त्यांनी फोन लावला आणि स्पीकर सुरू करून दोघांच्या मधे ठेवला, म्हणजे बाईच्या पाठीमागं काही बोलणं नको.

"शुभम, चूक माही हाय. तुह्या मायची नाई. आधी पुरं ऐकून घेजो, मग बोलजो."

शुभमनं पुरं ऐकलं. रागावला, मशीनवर, काकांवर, मग आईवर. तिनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्यानं विचारलं की हा गुरुवार कधीपासून धरला, त्याला तर सोमवारच माहीत होता.

"तू बारावीले होता तवापासून," कुंताबाई म्हणाली.

मग तो हळूच म्हणाला, सोमवारी काकांसोबत जाय, डॉक्टरले सगळं सांग. पुण्याचं नाव त्यानं काढलं नाही.

सोमवारी डॉक्टरांनी मोजलं, ऐकलं, आणि गोळी वाढवली नाही. ही गोळी नुसत्या पाण्यासोबतही चालते म्हणाले. उपास मोडत नाही का, असं कुंताबाईनं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, माझी आईही उपासाला घेते.

"कोनता उपास करते थ्या?"

"चतुर्थी."

तेव्हा कुठं तिला पटलं.

कंपनीला बबनरावांनी स्वतःच कळवलं. काम राहिलं, पण पत्र आलं की यापुढे ग्राहकांना औषधाबद्दल काहीही सांगू नये. ते त्यांनी दोनदा वाचलं. सांगू नये असं होतं, विचारू नये असं कुठंच नव्हतं.

पुढच्या शनिवारी नाचणगावला नत्थूजींकडे ताट बदलता बदलता त्यांनी विचारलं की उपास कोणकोणते करता. नत्थूजी म्हणाले, आपन काही उपास-गिपास करत नाई, दोन्ही टाईम पोटभर जेवतो. बबनरावांना हायसं वाटलं. ताट बसलं, हेल्मेट डोक्यावर चढलं, दारापर्यंत गेलेही.

"फक्त रविवारी नाई घेत गोळी," नत्थूजी मागून म्हणाले.

"काऊन?"

"रविवारी डॉक्टर नसते नं दवाखान्यात. गोळीनं काही झालं तं पाहीन कोन?"

बबनरावांनी हेल्मेट काढलं आणि परत येऊन खाटेवर बसले.