तात्यांनी थांबवलेला गायक

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. आज लिहितेय, तर आधीच सांगून ठेवते – मला स्वतःचा अभिमान फार. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आज कळंबच्या शाळेत शिकवते. गोंधळ्याची पोर, पण कुणापुढं मान खाली घातली नाही. ही मान ताठ ठेवण्यापायी काय केलं, तेच सांगायचंय.

माझे वडील, तात्या, संबळ वाजवायचे. येडशीजवळच्या आमच्या गावात कुणाकडं लग्न झालं की देवीचा गोंधळ आमचा. मी लहान असताना एकदा त्यांच्या मेळाला मुंबईहून बोलावणं आलं – टीव्हीवर एक विनोदी नाटुकलं होतं, त्यात संबळ वाजवायला माणूस पाहिजे होता. आणि त्यात एक फार मोठा गायक काम करणार होता. नाव लिहीत नाही. घराघरात त्याची गाणी होती, एवढं पुरे. त्यानं सोंग घेतलं होतं खोट्या गोंधळ्याचं – ज्याला धड गाता येत नाही, असल्या माणसाचं. मुद्दाम बेताल गायचं, लोकांनी हसायचं, हीच त्यातली गंमत.

तात्यांना ते आधी समजावून सांगितलेलं होतं. पण देवीचं नाव बेताल ऐकायची सवयच नव्हती हो त्यांना! तात्या सांगायचे – दोनदा सोसलं, तिसऱ्यांदा हात आपोआप थांबला. कॅमेरा चालू असताना ते त्या एवढ्या मोठ्या माणसाला म्हणाले, "अवं महाराज, समेवर या की!" गायक पोट धरून हसला. आणि कार्यक्रम करणाऱ्यांनी ते तसंच ठेवलं.

ज्या दिवशी ते लागणार होतं, त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या टीव्हीपुढं गाव जमलं. आणि वीज गेली. कुणीच बघितलं नाही. मग काय! 'टीव्हीवाले तात्या' हे नाव पडलं ते कायमचं. वाटेत कुणीही विचारायचं, "काय तात्या, आज कुणाला समेवर आणलं?" तात्या हसायचे. पण सांगायचं सोडायचे नाहीत.

मी बी.ए. झाले तेव्हा गावानं सत्कार केला. आमच्या कॉलेजचे सर आले होते. स्वच्छ इस्त्रीचा सदरा, हळू बोलणं – मला ते सगळं फार हवं होतं, तसं बोलणं, तशी माणसं. आणि तात्या सरांच्या शेजारी बसून ती गोष्ट सांगू लागले. मागं पोरं खिदळली. सर माझ्याकडं बघायला लागले. मी काय केलं असेल? मी हसून म्हणाले, "सर, मनावर घेऊ नका. आमच्या तात्यांना रचून सांगायची सवय आहे."

सगळा मांडव हसला. तात्याही थोडं हसले. मग ते उठून मागं जाऊन बसले. त्यानंतर ती गोष्ट त्यांनी कधी काढली नाही.

एवढंच असतं तर मी लिहिलंही नसतं. पोरीच्या जातीनं लाजेपोटी एक वाक्य बोललं – तुम्ही सोडून दिलं असतं. पण पुढं ऐका.

चार वर्षांपूर्वी शाळेत मधल्या सुट्टीत एका बाईंनी जुन्या कार्यक्रमांचा एक व्हिडिओ सगळ्यांना पाठवला. उघडला – तोच गायक, कपाळाला मळवट, गळ्यात कवड्यांची माळ. आणि त्याच्या डाव्या खांद्यामागं तात्या. तरणे, काळ्या मिशांचे. हात थांबला. "अवं महाराज, समेवर या की!" शब्द न् शब्द तोच. गायक हसून वाकला आणि त्यानं तात्यांच्या गुडघ्याला हात लावला. हे तात्यांनी कधी सांगितलंच नव्हतं. रचून सांगणारा माणूस हे वगळेल का?

त्या शनिवारी मी गावी गेले. दाखवायलाच गेले होते, खरंच. पण दाखवलं तर काय होणार – तात्या सगळ्या गावाला दाखवणार. आणि गाव म्हणणार, मग मांडवात बापाला खोटं पाडणारी कोण? मी फोन पिशवीतच ठेवला.

त्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर तात्यांनी आपणहून विचारलं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, जुनं सगळं मोबाइलात सापडतं. "बाय, जरा बघतीस का? असंल तर असंल."

चार दिवसांनी सांगितलं, "बघितलं तात्या. कुठंच नाही."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं."

मग म्हणाले, "तू शिकल्याली हाईस. तू न्हाय म्हणतीस तर न्हायच. माझ्याच डोस्क्यात काय तरी झालं आसंल."

आता आमच्या घराण्याची रीत सांगते. घटस्थापनेला सकाळी भावकी जमते. संबळाला हळदकुंकू वाहायचं, आणि हात लावण्याआधी वर्षभरात खोटं काय बोललो ते मोठ्यानं सांगायचं. देवीपुढं गाणाऱ्या तोंडात खोटं शिळं राहू नये म्हणून. माणसं हसत सांगतात – बायकोला बाजारात जातो म्हणालो, गेलो मेव्हण्याकडं. पण गावभर मोठं खोटं पसरवलं असेल, तर त्यानं पुढं संबळ धरायचा नाही. दरवर्षी कुणीतरी टोमणा मारायचंच, "तात्या, टीव्हीचं राहिलं की!" तात्या म्हणायचे, "ते खरंय. ते कशाला सांगू?"

त्या सकाळी टोमणा मारायच्या आधीच तात्या हात जोडून म्हणाले, "टीव्हीचं खोटं हुतं. माफ करा."

कुणी हसलं नाही. मी दाराशी उभी होते. फोन हातात होता. बायकांनी तिथं काही सांगायचं नसतं, रीत फक्त वाजवणाऱ्यांची – मी त्या रीतीच्या आड उभी राहिले. एक बोट लावायचं होतं, आवाज साऱ्या घरभर गेला असता. नाही लावलं. तात्यांनी संबळ चुलतभावापुढं सरकवला आणि भिंतीला टेकून बसले. पुढं गोंधळाला यायचे, मागं बसून टाळ धरायचे. संबळाला परत हात लावला नाही.

गेल्या वर्षी ते गेले. तेराव्याला पंगत बसली होती. थोरले काका सगळ्यांसमोर म्हणाले, "माझा भाऊ जन्मात एकच खोटं बोलला, आन् तेबी देवीपुढं कबूल करून गेला. व्हय का न्हाय गं?"

सगळे माझ्याकडं बघत होते.

"व्हय काका," मी म्हणाले, आणि भाताचं पातेलं उचलून पुढच्या पानाकडं गेले.