हौसाआत्तीचे दात

"सोनं झालं की म्हातारीचं. अठ्ठ्याहत्तर म्हंजे काय कमी वय हाय व्हय?"

माझ्या मागं उभ्या असलेल्या एक बाई शेजारणीला हळूच सांगत होत्या. हळूच म्हणजे कोल्हापूरच्या मानानं. घाटावर सगळ्यांनाच ते ऐकू गेलं. हौसाआत्तीच्या रक्षाविसर्जनाची सकाळ होती. पत्रावळीवर नैवेद्य मांडून आम्ही मागं सरकलो होतो आणि कावळ्याची वाट बघत होतो. त्या बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. आत्ती गेल्यापासून घरी येणारा प्रत्येक माणूस आधी वय विचारत होता, आणि आकडा ऐकला की त्याचा चेहरा जरा सैल पडत होता... तेवढ्यानं आमचंही दुःख कमी व्हायला हवं, अशा बेतानं.

त्याला आता काही आठवडे झाले. ते वाक्य मात्र डोक्यातून जात नाही.

हौसाआत्ती माझ्या वडिलांची सगळ्यांत थोरली बहीण. त्यांची आई गेली तेव्हा पप्पा रांगत होते, त्यांना आत्तीनंच वाढवलं. पुढं लग्न झालं, नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. नेसरीचं शेत आणि दोन म्हशी तिनं एकटीनं सांभाळल्या. सत्तरीत गुडघे बोलायला लागले तेव्हा पप्पा तिला कोल्हापूरला घेऊन आले आणि माझ्या खोलीत दुसरी कॉट पडली. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, घरातही मोजकं बोलणारी. तिनं पहिल्याच आठवड्यात माझं नाव 'मुकी मड्डम' ठेवलं. "बोल की गं. तोंडाला कुलूप लावून किल्ली कुठं टाकलीस?" असं म्हणायची आणि मग दोघींच्या वाटणीचं स्वतःच बोलायची.

एका दुपारी मी तिला पेपर वाचून दाखवत होते. आपल्या देशात बायका आता पूर्वीपेक्षा जास्त जगतात, पुरुषांपेक्षाही जास्त, अशी बातमी होती. "त्यात काय नवीन?" आत्ती म्हणाली. "आपल्या गल्लीत बघ की. म्हातारं किती ऱ्हायल्यात? कट्ट्यावर सगळ्या आम्हीच." हसली, आणि मग पदरानं तोंड पुसून भिंतीला टेकली. "आमच्या आईनं चाळिशी बघितली न्हाय," ती म्हणाली. "तिच्याकडं बघून चूल शिकलो, धार काढायला शिकलो. म्हातारं कसं व्हायचं, ते दावायला ती ऱ्हायलीच न्हाय."

मग तिनं बातमीतलं 'सरासरी आयुष्य' म्हणजे काय ते विचारलं. "म्हंजे मी तुझ्या त्या सरासरीच्या फुडं गेलो. आता फुकटचं जगतोय म्हण की."

कॉलेजात संख्याशास्त्र शिकले होते, त्याचा उपयोग बहुधा त्याच दिवशी झाला. मी तिला सांगितलं, ती सरासरी जन्मापासून धरलेली असते. त्यात पाळण्यात गेलेली पोरं असतात, बाळंतपणात गेलेल्या बायका असतात, तुझ्या आईसारख्या लवकर गेलेल्याही असतात. जी इथवर पोचली, तिचे पुढचे दिवस इथून मोजायचे, आणि ते थोडे नसतात. एवढं सलग मी तिच्याशी कधीच बोलले नव्हते.

"म्हंजे अजून हाय?"

"आहे."

"मग दात बसवून घेतो."

कित्येक वर्षं तिच्या तोंडात एकही दात नव्हता आणि घरोघरी तिच्या ताटात दूध घालून कालवलेला मऊ भात पडत होता. दातांचं कानावर गेल्यावर पेठ वडगावहून माझी काकू आली. "वन्सं, आता ह्या वयात कशाला तरास? आम्ही मऊ करून घालतोय की." आत्तीनं तिला सरळ सांगितलं, "तुझं मऊ तू खा. मी काय तान्हं बाळ हाय?" मी तिला मोपेडवरून दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्याकडं बघून विचारत होते, "आजींना चावताना त्रास होतो का?" आत्ती खुर्चीतून म्हणाली, "मला इचारा की डॉक्टर. तोंड माझं हाय."

सुरुवातीला हिरड्या सोलल्या, तिनं कवळीला शिव्या घातल्या. मग एके दिवशी भाजलेलं कणीस मागितलं. नंतर रोज संध्याकाळी कांदा चिरून भडंग. मी पुस्तक घेऊन बसायचे आणि पलीकडच्या कॉटवरून कुरकुर आवाज यायचा... आता तो आवाज नसल्यानं वाचन पुढं सरकत नाही. ऊस मात्र तिनं राखून ठेवला होता. "औंदा कारखान्याचं गळीत सुरू झालं, ऊसतोड लागली की नेसरीला जाऊया. बांधावर बसून दातानं सोलून खातो. आईबरोबर खाल्लेला तसा."

गळीत सुरू व्हायच्या आधीच, एका दुपारी जेवून टेकली ती उठली नाही. जेवणानंतर तिनं कवळी धुऊन स्टीलच्या डब्यात ठेवली होती. तो डबा अजून बेसिनवरच्या फळीवर आहे. त्यातलं पाणी मी रोज बदलते. का, ते कुणी विचारलेलं नाही.

घाटावर ऊन चढत होतं. कावळे पलीकडच्या झाडावर बसून होते, खाली येत नव्हते. पप्पा हात जोडून म्हणाले, "आक्का, शेताकडं बघतो मी. काळजी करू नको." एकही कावळा हलला नाही. काका म्हणाले, "पोरीचं लग्न चांगल्या घरात करू," आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. "काय तरी ऱ्हायलंय मनात," एक म्हातारे म्हणाले. "काय ऱ्हाणार?" मागच्या बाई म्हणाल्या. "सगळं बघून गेल्या की."

मी पत्रावळीकडं बघितलं. काकूनं पहाटे उठून मायेनं रांधलेला नैवेद्य होता. दूध, केळं आणि मऊ भात.

इतक्या माणसांत मी कधी तोंड उघडलेलं नव्हतं. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"तिला अजून जगायचं होतं. काकू, तो मऊ भात उचला. तिला ऊस खायचा होता."