मारुतीपासून वळवलेली जीप

जीप मारुतीच्या देवळापाशी आली आणि सरपंच आडवे आले. बॉनेटवर हात ठेवून ड्रायव्हरला म्हणाले, "हितनंच वळीव. म्होरं न्हाई."

मी फौजेतून रिटायर होऊन आलो तो दिवस. अंगावर वर्दी, गळ्यात हार, शेजारी बायको. आमच्याकडं रिटायर फौजीची मिरवणूक गावभर निघते, देवळासमोर बाया ओवाळतात. सरपंचांच्या पुतण्याची तशीच निघाली होती. माझी जीप वळली ती थेट बौद्धवस्तीत. बँडवाले गप्प झाले. बायको मांडीवरचे हार उगाच नीट करत बसली.

या उन्हाळ्यात कालव्यावरून पेटलं. वरची गावं उसाची. आमचं गाव कवठे महांकाळकडचं, कालव्याच्या टोकाला. त्यांच्या उसातनं पाणी खाली येईना. त्यांनी आमच्या एका माणसाचे हातपाय मोडले, आमच्यांनी त्यांचा दुधाचा टेम्पो जाळला. एसटी बंद झाली. ठरलेली लग्नं मोडली.

मग सरपंच माझ्या दारात आले. पहिल्यांदाच. चहासुद्धा घेतला.

"फौजी, तू गावाचा वाघ हायस. वस्तीतल्या पोरास्नी लाठी शिकीव. परवा कालव्याचं वरचं गेट फोडायचं. तुमी फुडं ऱ्हावा, आमी मागं हाय."

मी शांतिसेनेत होतो. परदेशात, निळी टोपी घालून. दोन मुलखांत फाटलेला देश. तिथलं युद्धही आधी असंच होतं. नदीचं भांडण, मग बाजार बंद, मग बसमधून उतरवून गाव विचारणं. पुढं उभी केलेली पोरं कोण होती? ज्यांना त्यांच्याच मुलखात कुणी दारात उभं करत नव्हतं, ती. त्यांची प्रेतं आम्ही उचलली.

मी विचारलं, "सरपंच, वाघाची जीप कुठनं वळवली, ध्यानात हाय का?"

"जुनं उकरू नगंस. आता गावाचा प्रश्न हाय."

"पाणी आमालाबी पायजे. पण आमची पोरं तुमच्या फुडं मरायला येणार न्हाईत."

ते अर्धा कप ठेवून उठले. "मग गावात ऱ्हायाचं कसं, त्येचा इचार कर."

केला विचार. परवा मी गेटवर जाणार आहे, रिकाम्या हातानं. वस्ती माझ्याबरोबर बसेल. गेट फुटू देणार नाही, आणि गावाच्या वाट्याचं पाणी सुटल्याशिवाय उठणारही नाही. सरपंचांनी खुशाल काठ्या घेऊन यावं. आधी आम्हाला ओलांडावं लागेल. लय दमलोय मी. पण आता कुणी हात आडवा घातला म्हणून वळणार नाही.